पाला पडला: मुलुंडच्या सतरा कुंड्या आणि बिकानेरची थंडी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. संध्याकाळचे सात वाजले होते. मी मुलुंडच्या घरी पोळ्या लाटत होते आणि भाचीचा बिकानेरहून निरोप आला: "मावशी, खाली घरमालकीणबाई म्हणतायत, आज रात्री पाला पडेल. कुंड्यांचं काही करू का?" पिठाच्या हातानेच मी उत्तर पाठवलं, "पडू दे गं. थंडीत पानं गळतातच. फाल्गुनात पुन्हा फुटतील."

मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. पालापाचोळा, पालेभाजी, शेळीला टाकायचा पाला. हिंदीत पाला म्हणजे पिकं गोठवणारी थंडी, पानांवर धरणारं हिम. भाचीला बिकानेरला जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. तिलाही हा शब्द नवा. तिने ऐकला तसा मला कळवला आणि मी तो आपल्या भाषेत वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोटो आले. तुळशीची पानं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी काळी पडून देठांना लोंबत होती. पानओव्याचा नुसता चिखल झाला होता. "मावशी, तुझ्या शब्दावर थांबले," एवढंच तिने खाली लिहिलं होतं. तिला ते लागट बोलायचं नव्हतं, पण मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मी गेली तीस वर्षं कुंड्यांत झाडं लावते आहे. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गॅलऱ्यांमधली झाडं कधी ना कधी माझ्या हाताखालून गेली आहेत. तरीही या थंडीबद्दल मला काहीच कळत नव्हतं, हे त्या सकाळी समजलं. मुंबईहून राजस्थानात, दिल्लीकडे, हरियाणात बदलीवर जाणारी घरं आपल्या कुंड्या सोबत नेतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं घडलं तसं लिहिते.

गेलेली झाडं आणि त्यांची जागा

भाचीच्या नवऱ्याला बिकानेरजवळच्या सौर प्रकल्पावर नोकरी लागली. दिवाळीनंतर सामानाच्या टेम्पोतून सतरा कुंड्या गेल्या: तुळशी दोन, मोगरे तीन, जास्वंदी दोन, कढीपत्ता, नागवेल, गवती चहा, पानओवा आणि अनंत एकेक, क्रोटन दोन, कोरफड एक आणि शेवंती दोन. तुळशीतली एक माझ्या ताईची, म्हणजे भाचीच्या आईची. ताई गेली त्या वर्षी तिच्या वृंदावनातल्या मंजिऱ्यांपासून आम्ही दोघींनी एकेक रोप केलं होतं. एक माझ्याकडे राहिलं, एक तिच्याबरोबर गेलं.

बहुतेक कुंड्यांत मीच भरलेलं मिश्रण होतं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग माती. मुंबईत हे चांगलं चालतं. गॅलरीवर भार येत नाही आणि जुलैत पाणी साचत नाही. सहा झाडं नर्सरीच्या काळ्या प्लास्टिक पिशव्यांतच होती, कारण टेम्पोत मातीच्या कुंड्या फुटतील म्हणून आम्ही ती बदललीच नव्हती.

घर पहिल्या मजल्यावरचं, वर मोकळी गच्ची. भाचीने कुंड्या गच्चीच्या कठड्यालगत ओळीने मांडल्या. दिवसभर ऊन मिळत होतं आणि नोव्हेंबरात झाडं खूषही होती. माझ्या सूचना दोन होत्या. थंडीत पाणी कमी कर, आणि उत्तरेचा वारा लागू देऊ नकोस. म्हणून तिने उत्तरेकडच्या कठड्याला प्लास्टिकचा पडदा बांधला होता. वरून सगळं उघडं होतं.

मुंबईकराला थंडी म्हणजे गार वारा. खिडकी लावली की थंडी संपली. त्या पडद्यामागे हीच समजूत होती, आणि झाडं त्या समजुतीनेच गेली.

स्कूटरची सीट

भाचीने आधी मला एक कोडं घातलं. त्या रात्री फोनवर किमान तापमान 5 अंश दाखवत होतं. पाणी गोठतं शून्याला. मग 5 अंशांत पानं गोठली कशी? तिने बाजारातून दोन साधे थर्मामीटर आणले. एक गच्चीवर कुंड्यांच्या उंचीला टांगला, दुसरा खालच्या ओसरीत भिंतीला. दोन दिवसांनी पहाटे फोन पुन्हा 5 सांगत होता. गच्चीवर 1 अंश होता आणि ओसरीत 7. एकाच घरात, एकाच वेळी, जिन्याच्या वीस पायऱ्यांच्या अंतरात.

या कोड्याचं उत्तर मला आमच्या सोसायटीच्या आवारात मिळालं. मुलुंडला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडच्या बाजूला, जानेवारीत पहाटे बऱ्यापैकी गारवा असतो. दुधाला जाताना रोज दिसणारी एक गोष्ट त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट पाहिली. उघड्यावर लावलेल्या स्कूटरची सीट दवाने ओलीचिंब, आणि तीन पावलांवर जांभळाखाली लावलेल्या स्कूटरची सीट कोरडी. हवा तीच, वारा नव्हताच. फरक एवढाच होता की एकीच्या डोक्यावर आभाळ होतं आणि दुसरीच्या डोक्यावर झाड.

प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. दिवसा सूर्य त्याहून जास्त देतो, म्हणून ते जाणवत नाही. रात्री निरभ्र आभाळाकडे तोंड करून असलेलं पान देत राहतं आणि त्याला परत फार थोडं मिळतं. डोक्यावर छप्पर, फांदी किंवा चादर असेल तर तीही तितक्याच मायेने खाली उष्णता टाकत असते. ढग आणि हवेतली वाफही हेच काम करतात. वाळवंटातल्या हिवाळ्यात ढग नाहीत आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा रात्री चौरस मीटरमागे 100 वॅटच्या आसपास उष्णता निघून जाऊ शकते. पान पातळ, त्याच्याजवळ साठा कितीसा असणार? आजूबाजूच्या हवेपेक्षा ते दोन ते चार अंश गार होतं. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत सावलीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो. पानाला काय सोसावं लागतं हे त्याला कळत नाही.

वाऱ्याचंही गणित इथे उलटं निघालं. निवांत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वर थोडी उबदार राहते. हलका वारा असला तर तो दोन्ही मिसळतो आणि पानाला हवेतली ऊब मिळत राहते. मी बांधायला लावलेल्या पडद्याने ती थोडी मदतही अडवली.

मग मुंबईत असं का होत नाही? इथल्या नोंदीतली सर्वांत थंड रात्र सांताक्रूझची, 22 जानेवारी 1962 ची, 7.4 अंशांची. समुद्र जवळ हे एक कारण आहेच. दुसरं कारण स्कूटरच्या सीटवर होतं. हवेत वाफ भरपूर असली की पान थोडं गार होताच त्यावर दव धरतं, आणि एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 600 कॅलरी उष्णता सुटते. दव म्हणजे आपल्या झाडांना रात्रभर मिळणारा शेक. बिकानेरच्या हवेत वाफ इतकी कमी की दव धरण्याआधीच पान शून्याखाली उतरू शकतं. म्हणून भाचीला सकाळी पांढरं हिमही दिसलं नव्हतं. दिसली ती थेट काळी पानं.

मला हे पुस्तकातून सांगता आलं असतं, पण खात्री करून घ्यावीशी वाटली. आमच्या गच्चीवर एका रात्री एक थर्मामीटर उघड्यावर ठेवला, दुसरा खुर्चीवर टाकलेल्या जुन्या चादरीखाली. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन वर गेले. चादरीखाली उघड्यापेक्षा दोन अंशांहून थोडी जास्त ऊब होती. मुंबईच्या दमट रात्री नुसत्या चादरीने दोन अंश!

कुंडीचं वेगळं दुखणं

पानांचं हे झालं, पण सतरांपैकी जी झाडं नंतर मेली, त्यातली काही पानांमुळे नाही, मुळांमुळे मेली असं माझं मत आहे.

जमिनीत लावलेल्या झाडाची मुळं भोवतालच्या उबदार मातीत असतात. हात-दीड हात खाली गेलं की रात्र-दिवसाचा फरक जवळजवळ जाणवत नाही. कुंडीला मात्र पाचही बाजूंनी थंडी लागते. पहाटेपर्यंत कुंडीतली माती जवळजवळ हवेइतकी गार होते. त्यातून आपलं कोकोपीट. हलकं आणि सुकलं की पोकळ, उष्णता धरून ठेवायला त्यात वजनच नाही. नर्सऱ्या आजकाल निव्वळ कोकोपीटमध्ये झाडं विकतात. उचलायला सोपं जातं हे खरं, पण झाडाला आधार देणारी माती त्यात नसते, आणि हे मला मुंबईतही खटकतं.

मातीच्या कुंडीचा गुण वाळवंटात दोष होतो. कोरड्या हवेत तिच्या अंगातून पाणी सतत उडत राहतं आणि माठासारखी ती आतली माती गार करते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. म्हणून ओली कुंडी खरोखर गोठली तर तिचे पापुद्रेही सुटतात.

मी पाणी कमी करायला सांगितलं होतं, तेही अर्धंच बरोबर होतं. पाण्यात उष्णता साठवायची ताकद कोरड्या वाळूच्या पाचपट आहे. शिवाय ओल्या मातीतून उष्णता आतबाहेर सहज वाहते. म्हणजे दिवसा ती ऊन खोलवर घेते आणि रात्री ते वर पोचवते. कोरडी कुंडी ऊन वरच्या बोटभर थरातच ठेवते आणि सूर्य मावळताच घालवते. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागायतदार शेकोट्या तर पेटवतातच, पण पहाटे बागेला पाणीही सोडतात, ते याच कारणाने. पण नागवेलीसारख्या झाडाची मुळं थंड चिखलात कुजतात. म्हणून पाणी द्यायचं ते दुपारी, उन्हात, बेताचं, आणि संध्याकाळनंतर मुळीच नाही, असं आम्ही ठरवलं.

आणखी एक गोष्ट लोक एकात एक मिसळतात. गोठणं वेगळं आणि गारठणं वेगळं. गोठताना पेशींच्या बाहेर बर्फ धरतो, तो पेशींमधलं पाणी ओढून घेतो, आवरण फाटतं आणि बर्फ वितळला की रस झिरपून पान काळं पडतं. पानओवा, क्रोटन, नागवेल यांना इतकं लागतच नाही. 10-12 अंशांच्या खालीच त्यांच्या पेशींची आवरणं घट्ट होऊन कामातून जायला लागतात. मुळं पाणी ओढत नाहीत आणि माती ओली असूनही झाड मान टाकतं. मग घरातलं माणूस आणखी पाणी घालतं. भाचीने नागवेलीला हेच केलं होतं.

शिवाय झाडांना थंडीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आमच्या कुंड्या ऑक्टोबर हीटमधून निघाल्या आणि दोन महिन्यांत पौषाच्या तोंडी उभ्या राहिल्या.

अंगणात उतरवलं

इलाज करताना मी मुलुंडला आणि भाची बिकानेरला, मध्ये फोन. पण खरी जाणकार तिच्या खालीच राहत होती. घरमालकीणबाईंनी त्यांच्या पपईच्या रोपांना खिंपाच्या काड्यांची झोपडी केली होती, तीन बाजूंनी आणि वरून बंद, आग्नेयेला उघडी. सकाळ-दुपारचं ऊन आत यावं म्हणून. खिंप हे तिथलं रानझुडूप, झोपड्यांची छपरं त्याचीच असतात. भाचीने फोटो पाठवला आणि मी तिला म्हटलं, "अगं, माझं सोड. त्या काय करतात ते आधी बघून घे." घराबाहेरच्या त्यांच्या खेजडीला काही लागत नव्हतं. ते झाड त्याच आभाळाखाली वाढलेलं.

पहिलं काम जागा बदलण्याचं. सगळ्या कुंड्या गच्चीवरून खाली अंगणात आल्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी. ती भिंत दुलमेऱ्याच्या लाल दगडाची. बिकानेरचा जुनागड किल्लाही याच दगडातला आहे. दिवसभर तापलेली भिंत रात्री दहापर्यंत हाताला कोमट लागत होती. वर ओसरीच्या छपराची पुढे आलेली पडवी होती, म्हणजे अर्धं आभाळ आपोआप झाकलं गेलं. एवढ्यानेच पहाटेचं तापमान तीन-चार अंशांनी वाढलं. पैसा खर्च न होता सर्वांत जास्त फळ देणारी गोष्ट हीच ठरली, आणि कुणी मला एकच उपाय विचारला तर मी हाच सांगेन.

पूर्वेची भिंत मोकळी होती, पण ती मी नको म्हटलं. गारठलेल्या पानावर सकाळचं पहिलं ऊन थेट आलं की ते वेगाने वितळतं, आणि मुळं अजून पाणी द्यायला तयार नसतात. दक्षिणेला ऊन थोडं उशिरा आणि मवाळ होऊन पोचत होतं.

कुंड्या एकमेकींना चिकटून मांडल्या. नाजूक मधे, शेवंती आणि कोरफड कडेला. काळ्या पिशव्यांतली झाडं दोन भाजीच्या क्रेटमध्ये बसवून भोवती ओलसर वाळू भरली. बाकीच्या कुंड्यांना तरटाचे दोन-दोन वेढे, कुंडी आणि तरट यांच्यात सुकं गवत. मातीवर वीतभर पालापाचोळा. आपल्या मराठीतला पाला, यावेळी योग्य जागी.

पांघरुणाबाबत आमचा थोडा वाद झाला. भाचीच्या नवऱ्याचं म्हणणं प्लास्टिकचा कागद टाकू, वारा-पाणी काही आत जायचं नाही. मी नको म्हणत होते, तरी एका रात्री तो टाकला गेला. जास्वंदीची जी सात-आठ पानं कागदाला टेकली होती, तीच दुसऱ्या दिवशी करपली, अगदी टेकल्या जागी. कागदाला टेकलेलं पान कागदाइतकंच गार होतं. शिवाय पातळ पॉलिथिनमधून उष्णतेचे किरण बऱ्याच अंशी आरपार जातात. म्हणजे आभाळ झाकल्यासारखं दिसतं, पण झाकलेलं नसतं. सुती कापड ते किरण अडवतं. जुन्या सुती लुगड्याला आणि गोधडीला या कामात तोड नाही. भाचीकडे आजीची एक विरलेली गोधडी होती. ती आणि दोन चादरी लागल्या.

चार बांबू रोवून त्यावर सुतळीचा चौकट आखला, म्हणजे कापड पानांना टेकणार नाही. चादर चहूबाजूंनी फरशीपर्यंत पोचली पाहिजे, कडेला विटा ठेवून, हे मी तीनदा सांगितलं. पांघरूण स्वतः ऊब देत नाही. ऊब जमिनीतून आणि भिंतीतून येते, पांघरूण ती कोंडून धरतं. बुंध्याला गोळा करून बांधलेली चादर जमिनीची ऊब बाहेरच ठेवते. रस्त्याकडेच्या झाडांना लोक अशी पुरचुंडी बांधतात, ते पाहून वाईट वाटतं. इतकी काळजी, आणि थोडक्यात फुकट.

चादर सूर्यास्तापूर्वी अर्धा तास टाकायची, म्हणजे दिवसाची ऊब आतच सापडते. सकाळी ऊन अंगणात आलं की काढायची. एक दिवस भाची सकाळी लवकर बाहेर पडली आणि चादर दुपारपर्यंत राहिली. आत वाफारा झाला आणि शेवंतीच्या कळ्यांवर भुरी धरली.

पाण्याचे कॅन ही माझी भर. वीस लिटरचे चार कॅन दिवसा उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी चादरीच्या आत, कुंड्यांच्या मधे. ऐंशी लिटर पाणी रात्रभरात 18 अंशांवरून 8 अंशांवर आलं की 800 किलोकॅलरी उष्णता सोडतं, म्हणजे जवळजवळ एक युनिट विजेइतकी. जुना 75 वॅटचा पिवळा बल्ब बारा तास लावल्यासारखं, आणि वायर, ठिणगी, कापड पेटण्याची भीती काही नाही. शेकोटीचा विचारही झाला होता. पण चादरींच्या शेजारी विस्तव आणि घरात लहान मूल, मी स्पष्ट नाही म्हटलं. शेतात पाल्याच्या भीतीने सौम्य गंधकाम्लही फवारतात. घरच्या तुळशी-कढीपत्त्याला ते नको, पोटात जाणाऱ्या वस्तू आहेत.

नागवेल तिने घरात घेतली होती, हीटर असलेल्या खोलीत. तिथे ती गारठली नाही, पण आधीच कोरडी हवा हीटरने आणखी वाळली आणि पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या. मग ती न्हाणीघरात गेली, ओल मिळाली, पण मुळं पहिल्याच रात्रीनंतरच्या पाण्याने कुजली होती. तिला वाचवण्याची वेळ आधीच निघून गेली होती.

संक्रांतीच्या रात्री

मकर संक्रांतीच्या आसपास दुसरी लाट आली, पहिलीहून कडक. यावेळी मालकीणबाईंनी सांगितलं तेव्हा भाचीने मला फोनवर आधी शब्दाचा अर्थ सांगितला आणि मग पाला पडणार असल्याचं. तीन थर्मामीटर लावले होते. रात्री अकराला, पहाटे चारला आणि सूर्योदयानंतर पंधरा मिनिटांनी तिने वाचले. शेवटचं वाचन सर्वांत कमी येतं, कारण सूर्य वर येऊन जमिनीला जाईल त्याहून जास्त उष्णता देऊ लागेपर्यंत घसरण चालूच असते. पुष्कळजण पहाटे पाचला पाहून निश्चिंत होतात आणि चादर काढतात.

मोकळ्या गच्चीवर उणे 1. अंगणात मध्यावर 2. चादरीच्या आत 6.

सहा अंश हे मोगऱ्याला सुखाचं तापमान नाही, पण मरणाचं तर नक्कीच नाही. त्या तीन रात्रींत नवं एकही पान काळं पडलं नाही. मी मुलुंडला सकाळी सव्वासातपासून फोन हातात घेऊन बसले होते. "सगळी आहेत मावशी" असं आलं, तेव्हा डोळे भरून आले.

कात्री लावली नाही

सर्वांत अवघड काम त्यानंतरचं होतं: काही न करणं. काळ्या फांद्या रोज डोळ्यांसमोर, आणि त्या कापून टाकाव्या असं कुणालाही वाटेल. मी होळीपर्यंत कात्री लावू दिली नाही. मेलेली पानं कुरूप दिसतात, पण खालच्या डोळ्यांवर, म्हणजे जिथून नवे कोंब फुटतात त्या जागांवर, तेवढंच पांघरूण असतं. शिवाय छाटलं की झाड नवा कोंब काढतं, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या चुकार थंड रात्री तो कोवळा कोंब पहिला जातो. खतही बंद. नत्राने पानं पाणीदार होतात, आणि पाणीदार पान लवकर गोठतं.

होळीनंतर नखाने साल खरवडून पाहायला सांगितलं. आत हिरवं असेल तिथपर्यंत जीव आहे, तपकिरी असेल तिथून खाली उतरत जायचं. एका जास्वंदीचं हिरवं वीतभर उंचीवर सापडलं, दुसरीचं मातीपासून चार बोटांवर. कढीपत्ता पार निष्पर्ण झाला होता. भाचीने तो टाकायलाच काढला होता. चैत्र लागला आणि त्याच्या बुडापासून पाच धुमारे आले. गवती चहा गवताच्या काडीइतका वाळला होता, तो कापल्यावर पंधरा दिवसांत फुटला.

सतरांपैकी बारा वाचल्या. गेल्या त्या पाच: दोन्ही तुळशी, पानओवा, नागवेल आणि एक क्रोटन. सगळ्या पहिल्या रात्रीच्या. चादरीखाली आल्यानंतर नव्याने मेलेलं एकही झाड नाही. पण याचं सगळं श्रेय चादरीला देणं बरोबर होणार नाही. जी जगली ती मुळातच थोडी चिवट होती, आणि पहिल्या फटक्यानंतर त्यांनी स्वतःलाही सावरलं होतं.

पुढच्या दिवाळीआधी भाचीने सगळं मिश्रण बदललं: कोकोपीट एका भागावर आणलं, बाकी तिथली वाळूमिश्रित माती आणि शेणखत. काळ्या पिशव्या गेल्या. दसऱ्यानंतर खत नाही. नागवेल पुन्हा नेली नाही. मी तिला नको म्हटलं. ती वेल कोकणच्या, वसईच्या ओलीत जन्मलेली, तिला तिथे ओढून नेऊन दरवर्षी मरणाच्या दारात उभं करायचं कशाला?

तुळशीचं मात्र राहवेना. ताईच्या रोपाची जोडीदार माझ्या खिडकीत होती. तिच्या मंजिऱ्या सुकवून कागदात बांधल्या आणि चैत्रात ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर बिकानेरला पाठवल्या. तुळशीचं बी थंड मातीत उगवत नाही, म्हणून रात्रीही गारवा राहिला नाही तेव्हाच टाकायला सांगितलं. नवव्या दिवशी फोटो आला. लाल दगडाच्या भिंतीपाशी, एका पसरट कुंडीत, मोहरीएवढ्या पानांची अकरा रोपं. त्यातली दोन तिने ठेवली, बाकीची घरमालकीणबाईंनी गल्लीत वाटली. मार्गशीर्षात त्या दोघींवर संध्याकाळी आजीची गोधडी पडते, फरशीपर्यंत, कडेला विटा ठेवून.